चूल विझवून काढलेला शनीचा फोटो

कामशेत, १४ डिसेंबर

आई, आधी पाया पडतो.

मी शनीचा फोटो काढला! सोबत पाठवलाय. मधला गोळा म्हणजे शनी, आडवी बारीक रेघ म्हणजे त्याचं कडं.

तीन दिवस चित्र नुसतं थरथरत होतं. मी दुर्बिणीला शिव्या घालत बसलो. मग लक्षात आलं, अंगणातून मी नेम धरतोय तो थेट घरमालकीण चिमाबाई मावशींच्या चुलीच्या धगीवरून!

मावशी म्हणाल्या, "चूल इझवू? मग भाकरी काय तुज्या शनीवर भाजू?" पण लाकडं ओढली गं त्यांनी. दहा मिनिटं मोबाइलवर व्हिडिओ घेतला, त्यातली स्थिर चित्रं एकावर एक जुळवली, आणि हा बघ!

मावशींनीही डोळा लावला. "आगं बया, ह्यो तर लय गरीब दिसतोय!"

नवलाख उंबरे गावातल्या कंपनीतलं माझं कंत्राट मार्चपर्यंत आहे, पुढचं बघू. त्यात शनीचा काही हात नाही. तू माझ्यासाठी शनिवार धरतेस आणि शुगरची गोळी उपाशीपोटी घेतेस, असं ताई सांगत होती. खरं आहे?

मावशींनी माझ्यासाठी चूल विझवली. येत्या शनिवारी तू माझ्यासाठी पेटव.

तुझा,
श्रीयश