त्रेसष्टावा प्रश्न

वांकायो, रविवार, सकाळचे दहा

प्रिय आब्दोन,

अक्षर ओळखलंस ना? ओळखायलाच हवं. बाराशे प्रश्न तू याच अक्षरात वाचले होतेस. ‘सोराइदा, तुझं अक्षर म्हणजे छापलेलंच, टंकलेखक कशाला हवाय,’ असं म्हणाला होतास तेव्हा.

हे पत्र मी विद्यापीठाच्या मागच्या इमारतीतून लिहितेय आणि पेपर संपेपर्यंत ते बाहेर जाऊ शकत नाही. म्हणजे मी कुठे आहे ते तुला कळलंच. गुरुवारी सोडत झाली, अकरा वर्षांनी यंदा माझ्या नावाची चिठ्ठी निघाली, आणि तासाभरात आम्हा चौदा प्राध्यापकांना प्रवेश परीक्षेचे प्रश्न काढायला आत घालून दार लावून घेतलं. फोन काढून घेतले, खिडक्यांना तपकिरी कागद चिकटवले, दारात पोलीस. कचरासुद्धा बाहेर जात नाही. तीन दिवसांची मक्याची सालं जिन्याखाली साठून आंबायला लागलीत. आमचं काम काल संपलं. आत्ता पलीकडच्या वर्गांतून आठ हजार मुलं तोच पेपर सोडवतायत आणि फाटकाबाहेर त्यांच्या आया उभ्या आहेत. मुलगा पास झाला तर त्या आनंदात रीतीप्रमाणे आजच त्याचं डोकं भादरायचं म्हणून पिशवीत कात्री घेऊनच आलेल्या असणार. तुझ्या अकादमीची किती मुलं आहेत यंदा? चारशे?

अकादमी जिथे सुरू झाली त्या औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या आठवतात का रे? तू बाकावर उभा राहून शिकवायचास, मुलं हसून लोळायची. मी आतल्या खोलीत पाय पोटाशी घेऊन प्रश्न काढत बसायचे. गणित, रसायन, इतिहास, वनस्पतिशास्त्र, व्याकरण, सगळंच. पुस्तकं होती कुठे आपल्याकडे? जे घरात दिसेल त्याचा प्रश्न करायचे. आईच्या बाजारातल्या बटाट्यांची वजनं अंकगणितात गेली. बाबा खाणीतून आणायचे त्या दगडांचं रसायन झालं. आमच्या गावच्या देवळाची घंटा कोणत्या साली वितळवली, तो इतिहास. तू वाचायचास आणि म्हणायचास, ‘पुस्तक निघेल तेव्हा वर दोन नावं असतील, आधी तुझं.’ माझं नाव आधी कशाला, असं मीच म्हणाले होते. लाजले होते. चोवीस वर्षांची होते.

पुस्तक निघालं. निळं वेष्टन, एकच नाव. माझं नाव आत होतं, तिसऱ्या पानावर, छापखान्यातल्या कामगारांच्या खाली: ‘टंकलेखनासाठी कुमारी सोराइदा यांचे आभार.’ मला वाटलं छापखान्याची चूक असेल, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त होईल. दुसऱ्या आवृत्तीत ती ओळही गेली.

यंदा अठ्ठाविसावी आवृत्ती. माझ्या शेजारणीची नात येसेनिया तुझ्या अकादमीत येते. संध्याकाळी गृहपाठ घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसते. मागच्या आठवड्यात माझ्या आईचे बटाटे तोलत होती. मी म्हटलं, थांब, आपण सोडवून बघू. तर म्हणते, ‘सोडवायचं नसतं बाई, पाठ करायचं. बारा क, तेरा अ, चौदा ड. आब्दोन सर म्हणतात, विचार करायला वेळ लागतो, परीक्षेत वेळ कुठे असतो?’ आणि वर मलाच सांगते, ‘एका माणसाला इतके विषय कसे येत असतील हो? केवढं डोकं!’ मी तिला सूप वाढलं. दुसरं काय करणार?

बरं, येसेनियाचं सोड. दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेनं तुझा सत्कार केला, तेव्हा जिन्यात भेटलो आपण. गळ्यात फुलं, बाजूला तुझी बायको ग्रिसेल्दा. ‘अजून शिकवतेस? छान, छान. वेळ बरा जातो,’ म्हणालास. ग्रिसेल्दानं विचारलं, ‘कोण रे ह्या?’ तू म्हणालास, ‘आमच्याकडे टायपिंग करायच्या.’ त्या दिवसापर्यंत माझ्या मनात फक्त दुःख होतं, आब्दोन. जिना उतरेपर्यंत त्याचं दुसरंच काही झालं होतं.

शुक्रवारी मी समितीपुढे एक प्रश्न ठेवला. ‘मेल्चोरा हिचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ रोजी झाला. तो दिवस सोडून, १९१२ च्या अखेरपर्यंत तिच्या जन्माची तारीख किती वेळा आली?’ भौतिकशास्त्राचा तेओफिलो खुर्चीवरून मागे रेलून म्हणाला, ‘सोराइदाबाई, हा तर आब्दोनच्या पुस्तकातला! शब्दन् शब्द! म्हातारपणी चोऱ्या करायला लागलात की काय?’ सगळे हसले. मी म्हटलं, ‘उत्तर काय?’ ‘सोळाला चारनं भागा. चार.’ ‘पुन्हा कर.’ त्यानं वैतागून बोटांवर मोजायला सुरुवात केली. एकोणीसशे चार, आठ, बारा... आणि थांबला. ‘अरे! एकोणीसशे साली एकोणतीस तारीख नव्हतीच. शतकाचं वर्ष चारशेनं भागलं जावं लागतं. तीन! उत्तर तीन आहे!’ मग ठसका लागेपर्यंत हसला. ‘त्या माणसाच्या पुस्तकात इतकी वर्षं चार छापलंय? एकानंही सोडवून पाहिलं नाही? हा प्रश्न पेपरात जायलाच हवा.’ एकमतानं गेला. त्रेसष्टावा.

चूक कोणाची ते तेओफिलोला माहीत नाही. चूक माझी आहे. मेल्चोरा माझी आजी. पुस्तक निघाल्यावर सहा महिन्यांनी आई सहज बोलून गेली, ‘सोळाव्या वर्षी लग्न झालं तेव्हा सासरचे चिडवायचे तिला, नवरी अजून तीनच वर्षांची म्हणून.’ मी जुनी कॅलेंडरं उघडून पाहिली, तर १९०० चा फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचाच. मुलं चुकीचं शिकतील म्हणून धावत तुझ्याकडे आले. तुझ्या टेबलावर तुमच्या लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा होता आणि तू ग्रिसेल्दाच्या वडिलांशी कागदाच्या जाडीबद्दल बोलत होतास. ‘नंतर ये ना,’ म्हणालास. मी आले नाही. ती चूक मी तुझ्या पुस्तकात तशीच राहू दिली, चौतीस वर्षं.

मुलांचं काय, असं विचारशील. त्याचाच विचार करत तीन दिवस काढले. प्रश्न सरळ आहे, उत्तर खरं आहे, ज्यानं डोकं वापरलं त्याला दोन मिनिटांत येईल. बाकीच्यांचा एक प्रश्न जाईल, आणि शंभरात एका प्रश्नानं काहींची जागाही जाईल. कदाचित येसेनियाची. तो दोष निम्मा तुझा, निम्मा इतकी वर्षं गप्प बसलेल्या माझा. माझा वाटा मी नाकारत नाही.

तू हे वाचतोयस तेव्हा सात वाजून गेलेत. चार वाजता नेहमीप्रमाणे तू रेडिओवर बसला असशील आणि सगळी उत्तरं ठणकावून वाचली असशील. त्रेसष्टावर आल्यावर तुला राहवलं नसेल. ‘जसाच्या तसा माझ्या पुस्तकातला, पान एकशे बारा, उत्तर चार!’ सबंध खोऱ्यानं ऐकलं असेल. सहाला विद्यापीठानं उत्तरतालिका लावली असेल: तीन. आता दुसऱ्या अकादमीवाले तुझ्या दारापुढून हॉर्न वाजवत जात असतील. हे पाकीट मी स्वतः तुझ्या पहारेकऱ्याच्या हातात दिलं असेल, आणि मग कोपऱ्यावर थांबून वरचा गोंधळ थोडा ऐकलाही असेल. मला त्याची लाज वाटत नाही.

पत्र लिहिलं ते एवढ्याचसाठी. उत्तरांवर हरकत नोंदवायची मुदत मंगळवारी दुपारी बारापर्यंत आहे. तुला दोनच गोष्टी करता येतील. ‘पुस्तक माझं, चूकही माझी,’ असं म्हण, आणि चारशे मुलांच्या आईबापांना सांग की चौतीस वर्षांत तू तो प्रश्न एकदाही सोडवून पाहिला नाहीस. नाहीतर रेडिओवर जा आणि सांग की तो प्रश्न तुझा नाही, बाराशेतला एकही तुझा नाही, ते सगळे सोराइदा न्यौपारीनं लिहिले आणि त्यातल्या एकात ती चुकली. मी तिथेच तुझ्या शेजारी बसेन. आकडेमोड कुठे चुकली ते सगळ्यांना सांगेन, मुलांची माफी मागेन, विद्यापीठ म्हणेल ती शिक्षा घेईन. माझी चूक मी चारचौघांत पदरात घ्यायला तयार आहे, आब्दोन. ती सोराइदाची आहे, एवढं फक्त आधी तू म्हण.

एकेकाळी तुझीच,
सोराइदा न्यौपारी