खडकमामाचा कांदा

१४ फेब्रुवारी १९५६, पिंपरी

माझ्यासारखाच कथा लिहिणाऱ्या मित्राशी, वसंताशी, उगाच भांडलो. खडकाखाली झोपलेला खडकमामा माझ्या डोक्यातून निघाला. सुरुंग लावण्याआधी त्याला भाकरी ठेवायची, हेही माझ्याच भयकथेतलं. वसंताने त्याच मामावर स्वतःची कथा लिहिली आणि भाकरीवर कांदा ठेवला! नैवेद्याला कांदा? मी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

आज माझ्या देखरेखीखाली नव्या कारखान्याच्या पायासाठी खडक फोडायचा होता. भोसरीचे म्हातारे मुकादम धोंडिबा आधी खडकावर भाकरी ठेवून आले. वर फोडलेला कांदा.

"हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? आज्यापास्नं चालत आलंय."

आज्यापासून! मामा तर गेल्या दिवाळी अंकात जन्मला. कुणीतरी वाचून दाखवलं असणार.

"आणि कांदा?"

"बिगरकांद्याची भाकरी तुमी तरी खाता व्हय, सायेब?"

राग यायला हवा होता ना? हसूच आलं. किती हलकं वाटलं! मामा आता माझा नाही, वसंताचाही नाही. आम्ही लिहायचं थांबलो तरी तो उपाशी राहणार नाही.

उद्या वसंताकडे जेवायला जातो. कांदा मीच फोडीन.