तळ्यावर न झालेला सामना

बाबा, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या विद्यापीठाच्या आइस हॉकी संघाचा पहिला सामना आमच्या प्रयोगशाळेमागच्या गोठलेल्या तळ्यावर झाला. ते चूक आहे. संघ सुरू झाला तेव्हा ते तळं तिथे नव्हतंच. ते पत्रही तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही, तुम्हाला जाऊन आता चौदा वर्षं होतील, तेव्हा ही दुरुस्ती मी कोणासाठी करते आहे असं कोणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. पण चुकीचं वाक्य माझ्या हातचं आहे आणि ते तसंच खणात पडून आहे, हे मला चालत नाही. ही सवय तुम्हीच लावलीत.

मी ब्राउनश्वाइगला साठवण तळ्यांतल्या गाळावर पीएच.डी. करते, हे मागेच सांगितलं होतं. हॉकीशी माझा संबंध एवढाच की मला स्केटिंग येत नाही आणि मी आरडाओरडा करत नाही. पहिल्या वर्षी मी ज्या घरात खोली घेऊन राहत होते तिथला एक मुलगा मुलांच्या संघात बचावाला खेळायचा, आणि त्यांना सामन्याचं घड्याळ चालवायला कोणीतरी शांत माणूस हवं होतं. पंचांची शिट्टी वाजली की घड्याळ थांबवायचं, खेळ सुरू झाला की चालू करायचं. शिक्षा झालेला खेळाडू माझ्या शेजारच्या कठड्यात येऊन बसतो आणि दर दहा सेकंदांनी विचारतो, किती राहिलं. मी म्हणते, समोर दिसतंय. तो म्हणतो, हो, पण तू सांग. चार हिवाळे मी हे काम करते आहे. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, गोल आहे याचीसुद्धा मी खात्री करून घेते, असं ते मला चिडवतात. यंदा संघाचा मोठा वर्धापन दिन आहे, त्यानिमित्त संघाच्या इतिहासाची पुस्तिका काढायचं ठरलं, आणि ती कोणी लिहायची यावर चर्चासुद्धा झाली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तळ्याची गोष्ट इथे कशी सांगतात ते तुम्हाला कळायला हवं, नाहीतर मी इतकी कशी फसले हे लक्षात येणार नाही. नवा मुलगा संघात आला की पहिल्या सामन्याआधी त्याला पायात स्केट घालून बाकावर उभं करतात. त्याने ही गोष्ट पाठ म्हणायची. सामना रंगात आला होता, तळ्याचा बर्फ मधोमध तडकला, कर्णधार गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला, गोलरक्षकाने काठी पुढे करून त्याला ओढून काढलं, पंचांनी सामना थांबवला, निकाल लागला नाही. एक शब्द इकडचा तिकडे झाला की बाकीचे काठ्या जमिनीवर आपटतात आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मी हे कपडे बदलायच्या खोलीच्या दाराबाहेरून किती वेळा ऐकलं असेल. वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंना मी फोन केले, सगळ्यांनी शब्दन् शब्द सारखं सांगितलं, आणि मी समाधानाने लिहून टाकलं. एवढे साक्षीदार जुळतात म्हणजे खरंच असणार. सगळे जुळतात कारण न जुळणाऱ्याला बाकावरून उतरूच देत नाहीत, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

चूक सापडली ती माझ्या प्रबंधात. तळ्यात किती गाळ साठला हे काढायचं तर ते कधी खणलं हे आधी लागतं. ते तळं पुराचं पाणी थोपवण्यासाठी खणलेलं आहे, काठावरचे विलो आता मोठे झाल्यामुळे ते जुनं वाटतं इतकंच. त्याचं साल मी स्वतः पहिल्या प्रकरणात लिहिलेलं होतं. पुस्तिकेत पहिल्या सामन्याचं साल होतं, त्याच्या सहा वर्षं आधीचं. दोन्ही सालं माझ्याच लॅपटॉपवर, माझ्याच हातची, आणि वर्षभर मला त्यात काही खटकलं नाही.

मी तशीच संघाच्या अध्यक्षाकडे गेले. तो म्हणजे तोच माझा जुना घरसोबती, आता मेकॅनिकलला पीएच.डी. करतो. तो काठीला पट्टी गुंडाळत बसला होता.

"मग दुसरं तळं असेल," तो म्हणाला.

"आवारात दुसरं तळं नाही."

"आल्झो, मग नदी असेल."

"वाहत्या नदीवर हॉकी?"

"मला काय माहीत, पाण्यातली तज्ज्ञ तू आहेस." मग त्याने पट्टी तोडली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "हे बघ, शर्ट छापून आलेत. शर्टावर तळं आहे. यात कोणाला काही त्रास होतोय का?"

"मला माहीत नाही."

"गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर, जणू मी त्याचंच म्हणणं सिद्ध केलं.

घरी येताना मला धरणाच्या वसाहतीतलं आपलं स्वयंपाकघर आठवत होतं. तिथे शाळा नव्हती, म्हणून चौथीपर्यंत तुम्हीच माझी शाळा. मी ओट्याखाली पोत्यावर बसते आहे, वर आईचा स्टोव्ह फरफरतो आहे, आणि तुम्ही साइटवरून येऊन चिखलाचे बूट दाराबाहेर काढता आहात. रोज पाटीवर पाच वाक्यं लिहायची, आणि तुम्ही प्रत्येक वाक्याला विचारायचं, पाहिलंस की ऐकलंस? ऐकलेलं असेल तर कोणाकडून, तेही लिहायचं. एकदा मी लिहिलं, "आज धरण भरलं." सगळी वसाहत तेच म्हणत होती, नारळसुद्धा आणून झाले होते. तुम्ही चहा तसाच ठेवून मला धरणाच्या भिंतीवर घेऊन गेलात आणि पातळीची पट्टी दाखवलीत. पाणी बरंच खाली होतं. तुम्ही रागावला नाहीत, पण म्हणालात, "शंभर जण म्हणाले म्हणून पाणी वर येत नाही." मी परतताना रडले होते. मला वाटलं होतं, मी खोटं बोलले असं तुम्हाला वाटतंय.

पहिल्या संघातले दोघेच आता हयात आहेत, कर्णधार आणि गोलरक्षक. गोलरक्षक स्टुटगार्टला असतात. तिकडे माझी एक परिषद होती, तेव्हा वेळ ठरवून त्यांच्याकडे गेले. चढावरचं घर, जिने चढता चढता मला दम लागला, आणि ऐंशीच्या घरातले ते गृहस्थ वर दारात उभे राहून म्हणाले, "सावकाश या, कॉफी पळून जात नाही." त्यांच्या बायकोने प्लमचा केक केला होता. मी तळ्याचा विषय काढला तेव्हा त्यांनी काटा खाली ठेवला.

"अजून सांगतात?"

मी म्हणाले, पाठ करून घेतात.

"पहिला सामना शेजारच्या शहरात झाला. बंद हॉलमध्ये. इतके दिवे होते की आम्ही आधीच घाबरलो. गोलात उभं राहायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मला उभं केलं. त्याआधी मी दोनदाच स्केट घातले होते. माझ्यावर एकवीस गोल झाले."

"वीस," आतून बायको म्हणाली. "एकविसावा ऑफसाइड होता असं तू मला लग्नाआधीपासून सांगतोयस."

"पंचांनी दिला. एकवीस."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कोणीतरी मोठ्याने विचारलं, काय झालं सामन्याचं? आणि कर्णधार ताट घेऊन उभ्याउभ्याच म्हणाले, काही नाही, तळ्याचा बर्फ फुटला, सामना रद्द. आवारात तळं नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे हसले आणि स्कोअर कोणी विचारला नाही. पुढे दर वेळी ते त्यात थोडी भर घालत गेले. काठी पुढे करून ओढून काढण्याचा भाग त्यांनी गोलरक्षकासाठी मुद्दाम घातला. मग विद्यापीठाने खरंच तळं खणलं, तेव्हाची मुलं शिकून निघून गेली, आणि विनोदाला जागा मिळाली.

मी म्हणाले, म्हणजे त्यांनी तुम्हाला सांभाळून घेतलं.

"हो. चांगला माणूस आहे. नाताळला अजून कार्ड पाठवतो." त्यांनी काटा परत उचलला. "पण इतकी वर्षं मी त्या गोष्टीत एका माणसाला पाण्यातून ओढतोय आणि मी कोणालाही ओढलेलं नाही. पुढच्या मोसमात त्याच संघाविरुद्ध मी पुन्हा गोलात उभा राहिलो. तेव्हा नऊ झाले. हे कोणी सांगत नाही, कारण त्याआधीचे एकवीस कोणाला माहीत नाहीत. तुम्ही लिहा. ते गोल माझे आहेत."

"त्यांना तुम्ही सांगाल का?"

"मी सांगितलं तर म्हणेल, उपकार विसरला. तुम्ही सांगा. तुमच्याकडे तळ्याचा पुरावा आहे, माझ्याकडे फक्त मी आहे."

कर्णधार इथेच, शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात असतात. उन्हाळ्यात मी पुस्तिकेसाठी त्यांना भेटले होते. मोसम सुरू झाला की संघ त्यांना भेटायला जातो आणि ते स्वतःच्या तोंडून ती गोष्ट सांगतात, वर्षातला तोच एक दिवस ते कोट घालून बसतात असं तिथल्या नर्सने मला सांगितलं. मला गोष्ट सांगून झाल्यावर त्यांनी पँट वर करून गुडघा दाखवला. "त्या दिवसापासून हा थंडीत ठणकतो," म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, बाबा. त्यांना ते पाणी आठवतं.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, म्हाताऱ्या माणसाला कशाला छळतेस? छापू दे की तळं. तुझं काय जातंय?" आणि मग स्वतःच म्हणाली, "पण तू ऐकायची नाहीस. तेही पट्टी बघून आल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत. आमटी तीन तीनदा गरम केली आहे मी."

पण तुम्ही नेहमी तसे नव्हतात, आणि माझी अडचण तिथेच आहे. कालव्याचं उद्घाटन झालं त्या संध्याकाळी ऑफिसातले हेडक्लार्क काका सगळ्यांना सांगत होते की मंत्र्यांनी थांबून त्यांच्याशी हात मिळवला, नाव विचारलं. मी तुमच्या खांद्यावर बसून सगळं पाहिलं होतं, मंत्री सरळ गाडीत जाऊन बसले होते. मी तोंड उघडलं आणि तुम्ही माझा हात इतका जोरात दाबलात की मी गप्प झाले. घरी जाताना मी फुगले होते. "रोज मला विचारता, पाहिलंस की ऐकलंस. मी पाहिलं होतं ना?" तुम्ही बराच वेळ चालत राहिलात. मग म्हणालात, "तो बोलत होता गं. लिहीत नव्हता." एवढंच. तेव्हा मला ती पळवाट वाटली. आता वाटतं की तुम्ही ते विचार करून म्हणाला होतात, आणि त्यापुढचं विचारायचं राहून गेलं. एकाने दुसऱ्यासाठी सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला नको झाली असेल, तर काय करायचं? आणि सांगणाऱ्याला आता तीच खरी वाटत असेल तर?

मी पुस्तिकेचं पहिलं पान पुन्हा लिहिलं आहे. हॉल, दिवे, एकवीस, पुढच्या मोसमात नऊ. आणि त्याखाली, कँटीनमध्ये कर्णधार काय म्हणाले आणि कोणासाठी म्हणाले, तेही. मला ते पान तळ्याच्या गोष्टीपेक्षा चांगलं वाटतं. अध्यक्षाने वाचलं, दोनदा वाचलं. "शर्टांचं काय करायचं?" म्हणाला. मी म्हणाले, शर्टावर तळं राहू दे, शर्टावर कोणी इतिहास वाचत नाही. तो हसला, पण मग म्हणाला, "कर्णधारांना वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही. आणि मी दाखवणार नाही. सांगून ठेवतो." छपाईला सोमवारी द्यायचं आहे.

मला भीती कशाची वाटते ते लिहून ठेवते. ते चिडतील याची नाही. ते म्हणतील, हो हो, हॉलमध्येच झाला होता, आणि मग मुलं भेटायला येतील त्या दिवशी त्यांच्याकडे सांगायला काही उरणार नाही, याची. किंवा मी पान वाचत असताना ते गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहतील. स्टुटगार्टच्या जिन्यात उभा असलेला माणूसही तितकाच डोळ्यांसमोर येतो. तो वाट पाहतो आहे. दोघांपैकी कोणाला काय वाटेल हे मला ऐकून, पाहून, मोजून कशानेच आधी कळणार नाही, आणि अशा ठिकाणी मी फार वाईट वागते, म्हणजे काहीच करत नाही.

हे पत्र तुम्हाला मिळणार नाही हे माहीत असूनही मी सलग तीन संध्याकाळी लिहीत बसले, कारण तेवढा वेळ वृद्धाश्रमात फोन करावा लागला नाही. खरं कारण तेच आहे, दुरुस्ती नंतरची. मघाशी पेन ठेवून केला फोन. नर्सने विचारलं, संघ येतोय का, त्यांना कोट घालून बसवू? मी म्हणाले, नाही, मी एकटीच आहे, पण त्यांना हवा असेल तर घालू द्या. कधी येता, तिने विचारलं. मी सांगितलं, येत्या शनिवारी, बावीस तारखेला, दुपारच्या जेवणानंतर.