गल्लीची ओळख

४ फेब्रुवारी
आलो एकदाचा! इथल्या वर्तमानपत्राने शहराचा बातमीदार म्हणून बोलावलं. बिऱ्हाड पुस्तकबांधणीच्या दुकानावर. खाली खळीचा वास, वर माझं पांडित्य. मालकीणबाई, म्हणजे मावशी, दारातच म्हणाल्या, भाऊ, संस्कृत येतं ते ठीक, पण चादरीची घडी घालता येते का? पन्नाशीचा अहंकार पहिल्याच दिवशी चपटा. गल्लीतल्या लोकांना शहर ‘पलीकडचे’ म्हणतं. इथेच तीन पिढ्या गेल्या. पलीकडे म्हणजे कुठे, ते त्यांनाही सांगता येत नाही.

९ फेब्रुवारी
माझं ‘गल्लीची ओळख’ सदर सुरू झालं. रोज एक घर : दाराचा रंग, माणसं किती, कोण कधी घरी. तपशिलाविना वर्णन म्हणजे नाकाविना चेहरा. आज शिंपी. लाजत लाजत बोलला, मग माझ्या सदऱ्याला बटण लावून दिलं. मावशींचा टोमणा, आमचा नंबर कधी, की भाडेकरूला मालकिणीची लाज वाटते?

१४ फेब्रुवारी
वाचकांच्या आग्रहास्तव आता घरक्रमांकही छापतो. लोक कात्रणं जपतात म्हणे. महाकवींना हे भाग्य हयातीत लाभलं नसेल.

१८ फेब्रुवारी
शिंप्याचं घर जाळलं. भर दुपारी, सगळे जेवायला बसले असताना. ती वेळ मी छापली होती. संपादक म्हणाले, योगायोग.

२० फेब्रुवारी
मग घड्याळजी. मग परटीण. छापले त्याच क्रमाने. परटिणीच्या भिंतीवर माझं कात्रण डकवलेलं. एका वाक्याखाली रेघ : ‘मागे दार नाही.’

२१ फेब्रुवारी
सदर बंद करा म्हणालो. संपादक हसले. पंडित, शहर तुम्हाला वाचतंय, आणि तुम्ही रुसताय? मावशींचंच राहिलंय, उद्या द्या. फौजदाराने रस्त्यात हात मिळवला. शैली ओघवती आहे म्हणाला.

२२, सकाळ
लेख दिला नाही. मावशी, त्यांची सून, तान्हं बाळ दुकानातच लपलेत, कागदाच्या गठ्ठ्यांमागे, कापणीयंत्राच्या डावीकडे. मावशी म्हणाल्या, भाऊ, आता आमच्यावर एक अक्षर नको. वचन दिलं. स्वतःच्या वहीत लिहिणं म्हणजे काही लिहिणं नव्हे.

२२, दुपार
खाली माणसं. संपादकही. लेख नको म्हणतात— पंडितांची वही द्या. त्यांनी टिपून ठेवलं नाही असं व्हायचं नाही—

पान फाडतोय. वही मावशींनी बांधलेली. शिवण सुटत नाही—

खोडलं. शाईखालून अक्षर दिसतं. वळणदार, सुवाच्य— पुन्हा खोड—

जिन्यावर—