त्या शब्दाचा दुसरा अर्थ

बीड, मार्गशीर्ष, शके १८४५

प्रिय चंद्रभागे,

हे पत्र साखराबाई आत्याच्या हाती देतोय. तिला वाचता येत नाही, म्हणूनच तिच्या हाती. तू एकटी असताना उघड. राधाकिशनरावांना दाखवायचं की नाही, ते वाचून झाल्यावर तुझं तू ठरव. चार दिवस अदालतीतून आलो की लिहायला बसतो आणि अर्ध्यावर कागद फाडून टाकतो. तुझ्या वहिनीचे गुडघे थंडीनं धरलेत, बाकी घरी ठीक आहे. परवा मुन्सिफसाहेबांनी विचारलं, त्रिंबकराव, तब्येत बरी नाही का. बरी आहे म्हणालो. दुखत काही नाही, नुसतं दमल्यासारखं झालंय. काम तेच जुनं, मराठी अर्जांचा उर्दू तर्जुमा करायचा. पण आता साध्या साध्या शब्दापाशी हात थांबतो. हाच अर्थ धरायचा ना, असं स्वतःला दोनदा विचारतो.

तुला अक्षरं मी शिकवली, आठवतं? तेव्हा आपला एक खेळ होता. एकच शब्द, पण नाम धरला तर एक अर्थ आणि क्रियापद धरला तर दुसरा. वाट म्हणजे रस्ता, आणि चटणी वाट. कर म्हणजे सरकारी सारा, आणि काम कर. मी अडलो तेव्हा ‘पळ’ तू सांगितलास. घटकेतली पळं, आणि नुसतं पळ. नऊ वर्षांची होतीस. मी अदालतीत सगळ्यांना सांगत फिरलो होतो.

तू नेकनूरला सासरी होतीस तेव्हाचं तुला काय सांगायचं, ते तू भोगलंस. तुझा नवरा उत्तरेश्वर मुंबईच्या गोदीत गेला आणि तिथून बोटीवर कोळसा ओढायला. लढाई चालू असताना त्याची बोट स्पेन देशाच्या किनाऱ्याजवळ बुडाली, हे आपल्याला दिवाळीत कळलं. घरात रडारड सुरू झाली, पण तू रडली नाहीस. तुझं एकच म्हणणं, “त्यांला पवायला येतंय, दादा. पाण्यात ते जायचे न्हाईत.” कपिलधारच्या कुंडात तो वरून उडी घ्यायचा ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी समुद्राचं काय घेऊन बसलीस, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणालो. पुढच्या वर्षी मानमोडीच्या साथीत तुझे सासू-सासरे आठ दिवसांत गेले, आणि मी तुला बीडला घेऊन आलो.

तुझ्या हट्टापायी मी कंपनीला पत्र लिहिलं. पौषात उत्तर आलं. किनाऱ्यावरच्या एका गावच्या पाद्र्यानं बोटीवरच्या सात माणसांची यादी धाडली होती. त्यातली आपल्या माणसापुरती ओळ कंपनीनं उतरवून पाठवली होती. यादी वाचलेल्यांची की मेलेल्यांची, ते मात्र कळवलं नव्हतं. त्याचं नाव, गाव, आणि पुढे त्यांच्या भाषेतला एकच शब्द. नादा. तो शब्द घेऊन मी औरंगाबादेला गेलो. तिथल्या छावणीत गोव्याचे एक बँडमास्तर होते, त्यांना त्या बाजूच्या भाषा येत. परत आलो तेव्हा तू दारातच उभी होतीस. मी सांगितलं, त्याचा अर्थ ‘काही नाही’. काही उरलं नाही, काही सापडलं नाही, असं.

तू मला पाणी दिलंस. मग समोर बसून विचारलंस, “दादा, दुसरा काही अर्थ निघतो का त्याचा?”

मी म्हणालो, “न्हाई.”

पुढचं सगळं त्या ‘न्हाई’वर झालं. तू दोन दिवस जेवली नाहीस. तिसऱ्या दिवशी स्वतःच उठून बांगड्या फोडल्यास. वैशाखात लिंबागणेशच्या राधाकिशनरावांशी तुझा पाट लावला. माणूस चांगला निघाला, याचा मी मनाला फार आधार करून घेतला. तुझी दोन पोरं माझ्या अंगाखांद्यावर खेळली, तेव्हा वाटायचं, झालं ते बरंच झालं.

आता जे सांगतोय ते या आठवड्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या वहिनीलाही नाही. बँडमास्तरांनी मला दोन अर्थ सांगितले होते. नाम धरलं तर ‘काही नाही’. क्रियापद धरलं तर ‘पोहतो’. ते म्हणाले होते, एका ओळीवरून कळायचं नाही, पूर्ण यादी मागवा, बाकीच्यांपुढे काय लिहिलंय ते पाहिलं की उलगडेल. म्हणजे तू सव्वा वर्ष जे म्हणत होतीस तेच त्या कागदावर लिहिलेलं असू शकत होतं. मी यादी मागवली नाही. परतीच्या सगळ्या वाटेत स्वतःला सांगत राहिलो, बुडालेल्या माणसापुढे ‘पोहतो’ असं कोण लिहील? पण खरं कारण ते नव्हतं. राधाकिशनरावांकडचा निरोप आलेला होता आणि ते फार थांबणार नव्हते. तू वीस वर्षांची होतीस. रोज डाकवाल्याच्या वेळेला तू ओट्यावर येऊन बसायचीस आणि मला घराकडे यायला नको वाटायचं. मला तुझं वाट पाहणं संपवायचं होतं, चंद्रभागे. तुझ्या भल्यासाठी म्हणत होतो, पण मी स्वतःही कंटाळलो होतो. अदालतीत एका शब्दाचा तर्जुमा चुकला तर मी दुरुस्ती लिहून देतो. तुझ्या बाबतीत चुकलोच नव्हतो. निवडून सांगितलं होतं.

आणि हे आजच लिहायचं कारण असं, की गेल्या सोमवारी उत्तरेश्वर अदालतीच्या ओसरीवर येऊन बसला होता. मी त्याला ओळखलं नाही. केस पिकलेत, डावा पाय ओढत चालतो. बोट बुडाली त्या रात्री तो दोन माणसांना ओढत किनाऱ्याला पोचला. गावच्या लोकांना आपली नावं उच्चारता येईनात, म्हणून जो जे करी त्यावरून ते हाक मारत. गाणाऱ्याला ‘गातो’, शिवणाऱ्याला ‘शिवतो’, आणि याला ‘पोहतो’. पाद्र्यानं ओळख पटावी म्हणून यादीतही तेच लिहिलं. त्याला स्वतःला लिहिता येत नाही; घरी कळवलंय, असं कंपनीनं सांगितल्यावर तो निर्धास्त झाला. वर्षभर मोडलेल्या पायानं अंथरुणात, मग परतीच्या भाड्यासाठी दुसऱ्या बोटींवर काम, असं करता करता सहा वर्षं गेली. आधी नेकनूरला गेला, बंद घर पाहून माझ्याकडे आला. तुझा पाट, तुझी पोरं, सगळं मी त्याला सांगितलं. यादीचंही सांगितलं. मारेल असं वाटलं होतं, पण तो एवढंच म्हणाला, “तिला काय बी सांगू नका. तिचं नीट चाललंय नं?” मी हो म्हणालो. मग त्यानं विचारलं, “मी गेलो, हे तिनं मानलं व्हतं का?” मी म्हणालो, नाही, तिनं शेवटपर्यंत मानलं नव्हतं, मी मानायला लावलं. तेव्हा तो पहिल्यांदा रडला. रविवारपर्यंत माझ्याकडे आहे, मग नगरमार्गे मुंबईला परत जाणार म्हणतो. तुला कळवू नको, असं त्यानं बजावलंय, आणि तो शब्द मोडून मी हे लिहितोय. ये, असं म्हणत नाही. येऊ नकोस, असंही म्हणत नाही. तुझ्या वतीनं एकदा मी ठरवलं होतं. आता जे आहे ते सगळं तुझ्यापुढे ठेवलंय. तू आलीस किंवा नाही आलीस, तरी तुझ्यासमोर मान वर करून उभं राहायची माझी छाती नाही, तेवढं मात्र समजून घे.

तुझाच,
त्रिंबकदादा