तारेतला गळ

९ ऑक्टोबर २००७

यतीनचं पाकीट आलं. आत बोटभर लांब तार आणि चिठ्ठी — "ताई, ही नानांना गरम चहात बुडवून दाखव. पायातली नळी ह्याच धातूची असते." माझा भाऊ पुण्यात तारांना आकार शिकवतो म्हणे! मला इथे चौथीच्या पोरांना पाढे शिकवताना घाम फुटतो.

आमच्या वडिलांच्या, नानांच्या, डाव्या पायाची रक्तवाहिनी तुंबलीय. अंगठा काळा पडत चाललाय. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, आत जाळीची नळी बसवू, नाहीतर पाय काढावा लागेल. लवकर ठरवा. आणि नानांचं एकच — "माका पायात लोखंड नको."

१० ऑक्टोबर

सगळा घोळ! सरळ तार चहात घातली आणि बघता बघता तिचा गळ झाला. मासे धरायचा गळ! नानांना बरं वाटावं म्हणून यतीनने मुद्दाम हाच आकार शिकवलेला. काय अक्कल! जन्मभर गळ टाकलेल्या माणसाला म्हणायचं, हा पायात घे?

नानांनी कप लांब सारला. "गळ आत गेलो की मांस घेतल्याशिवाय भायर येणा नाय गो. आणि ही तर जित्ती तार! उद्या मी गरम चाय पिलंय आणि तिना पायात उडी मारल्यान तर?"

खरंच, मारली तर?

११ ऑक्टोबर

तार सरळ केली. मुठीत धरली — काही नाही. उन्हात ठेवली — काही नाही. उकळत्या पाण्यात — गळ! पुन्हा सरळ, पुन्हा गळ. मग माणसाच्या अंगात ती उघडणार कशी?

यतीनला फोन केला. तो म्हणाला, "अगो, मिश्रण बदलला की उबेचो आकडो बदलता. पायातली अंगाच्या उबेनच उघाडता. भट्टीत शिकयलेलो आकार ती इसरणा नाय." पुढे म्हणाला, असल्या तारांनी उद्या पंपाच्या झडपा आपोआप मिटतील, वाकलेल्या गाड्या ऊन लागून सरळ होतील. मी हं हं म्हटलं. डोकं भणभणतंय. तारेच्या डोक्यात काय आहे ते मला कळत नाही, आणि नानांच्या डोक्यातलं तर त्याहून नाही.

१४ ऑक्टोबर

अंगठ्याला जखम होऊन वास यायला लागलाय. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

१५ ऑक्टोबर

आज सकाळी अजब झालं. नाना ओटीवर तार घेऊन बसलेले. शेजारी गरम पाण्याचा टोप. सरळ, गळ, सरळ, गळ. मला हाक मारली.

"तू शिकलंस, पण जाळां कधी इणलंस? नायलॉनाची नवी गाठ आम्ही उकळत्या पाण्यात बुडवतंव. कित्याक? मगे ती सुटणा नाय. आपली जागा इसरणा नाय. ही तार तशीच गो. यतीनान गळ शिकयल्यान, म्हणान गळ. डॉक्टरान नळी शिकयली तर नळी! मासो सरळ पवणारो आसलो तर गळाक भियाचा कित्याक?"

शेवटचं वाक्य मला कळलं नाही. पण ते म्हणाले, "कोल्हापुराक खंयची गाडी?" मी रडले. तळेऱ्यामार्गे जाणारी, म्हटलं. नाना हसले.

२३ ऑक्टोबर

नळी बसली. पाय गरम लागतोय! डॉक्टर म्हणाले, रोज चालायचं. आळस केलात तर पुन्हा तुंबेल. अंगठ्याची जखम भरत येईपर्यंत सांभाळून.

२ डिसेंबर

जखम भरली. नाना रोज दोनदा आमच्या दांडीच्या किनाऱ्यावर चालतात. सांगावं लागत नाही. "चाललंय तर रगत तापता, तापला की तार आकार धरता. बसलंय तर इसरात ती." डॉक्टरांचा नाही, तारेचा धाक! आज किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, रापणीच्या, दोरीला हातही लावून आले म्हणे. मी ओरडले, पण मनातून बरं वाटलं.

१९ डिसेंबर

टपालाने इस्पितळाचं कार्ड आलं. नळीचा प्रकार: साधं स्टील, फुग्याने फुगवून बसवलेली. यतीनला फोनवर वाचून दाखवलं. त्याने प्रकार पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाला, "अगो, ती वेगळी. ती काय शिकणा नाय, काय इसरणा नाय."

नाना वाळूवरून परत येतायत, खिडकीतून दिसतायत. कार्ड तांदळाच्या डब्यात तळाशी घातलं.