आम्हा दोघांचा पहिला नंबर

पेण, दसऱ्याआधी आठ दिवस

तीर्थस्वरूप काळूराममामांस,

परेशचा कोपरापासून नमस्कार. तुमचा गुडघा व मामीचा खोकला आता बरा असेल. (दोन्हींची स्वतंत्र चौकशी समजावी.)

"रंगानं प्वाट भरत न्हाय रं! दसऱ्यापर्यंत नंबर काढ, न्हायतर माझ्या गाडीवर क्लीनर व्हय," असे तुम्ही गणपतीत चारचौघांसमोर म्हणालात. मामा, नंबर काढला. अलिबागच्या चित्रप्रदर्शनात पहिला!

चित्रात मी आणि कमलेश (कारखान्यात माझ्याशेजारी गणपती रंगवतो तोच, तुमच्या ताटातला बोंबील उचलणारा) खांद्याला खांदा लावून बसलो आहोत. त्याला मी रंगवले, मला त्याने. सगळे ठीक चालले होते, मग डोळे राहिले. मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी काढतात, त्याला आम्ही आखणी म्हणतो. गेली सहा वर्षे आम्ही दोघांनी बाप्पाशिवाय कोणाचेही डोळे काढलेले नाहीत. हात आपोआप तसाच वळला. मागे सरून पाहतो तर दाढीचे खुंट आमचे, मळक्या कॉलरी आमच्या, आणि डोळे साक्षात गणपतीचे. कमलेश म्हणाला, "तू मना देव केलास रं!" मी म्हणालो, "तू तरी मला कुठं सोडलंस?" खोडायला वेळ नव्हता (घड्याळ तीनदा पाहिले), तसेच नेले. हसू होईल म्हणून चित्र कोपऱ्यात ठेवले. पण सोनाबाई नावाच्या एका आजींनी चपला काढून चित्रापुढे जास्वंद ठेवले. त्यांचे पाहून आणखी चौघांनी हात जोडले. परीक्षक आले तेव्हा तिथे फुलांचा ढीग आणि एक केळे होते. ते म्हणाले, मित्राने मित्रात देव पाहिला. आम्ही माना हलवल्या. चित्राचे नावही त्यांना फार खोल वाटले.

तेव्हा क्लीनर दुसरा पाहावा.

तुमचा भाचा,
परेश

ता. क. चित्र फळीवर आहे. फळी म्हणजे तुमच्या ट्रकचा मागचा फाळका, जो तुम्ही दसऱ्याच्या पूजेसाठी रंगवायला दिला होता. चित्रामागची बाजू सांगितल्याप्रमाणे पूर्ण आहे. "अंतर ठेवा" (शिरोरेघ पट्टीने मारली आहे). परीक्षकांनी उलटून पाहिले आणि तेच चित्राचे नाव धरले.

आणखी एक ता. क. चित्र आता मुंबईच्या प्रदर्शनात न्यायचे आहे. टेम्पोत मावत नाही. तुमच्या ट्रकला जागच्या जागी लावूनच नेले तर? आमची तोंडे बाहेर ठेवावीत, मागचे लोक हॉर्न न देता हात जोडतील. बिजागरीवर लक्ष ठेवायला मी क्लीनरच्या सीटवर बसेन. फक्त त्या दिवसापुरता.